एकशे दहावरचा काटा

काटा एकशे दहावर ठेवायचा, एवढंच काम होतं. बाकीचं धूर आणि वेळ बघून घेणार होते. काटा चढला तर झडप जराशी लावायची, उतरला तर जराशी उघडायची. यात अवघड काय आहे, असं सूनबाईनं आदल्या दिवशी नवऱ्याला दोनदा विचारलं होतं आणि त्यानं दोन्ही वेळा शहाण्या नवऱ्यासारखं "काहीच नाही" म्हटलं होतं.

आता ऊन भिंतीवरून उतरून अंगणात आलं होतं, काटा एकशे साठवर होता आणि सूनबाई ग्रिलसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. खालची झडप तिनं बोटभर फट सोडून सगळी लावली होती. तरी काटा वरच. सकाळी धूर कसा निळसर, पातळ येत होता. आता त्याला जळक्या चरबीचा वास लागला होता.

"काय हवंय काय तुला?" तिनं ग्रिललाच विचारलं.

ग्रिल म्हणजे तीन पायांचा एक काळा गोल डबा, त्यावर मुठीचं झाकण आणि झाकणावर तापमानाचा काटा. आत एका बाजूला कोळसे, दुसऱ्या बाजूला जाळीवर मेंढीचा अख्खा खांदा, त्याच्याखाली पाण्याचा ट्रे. कोळशांवर धुरासाठी सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे. डब्याच्या तळाला एक झडप, झाकणाला एक. खालून हवा आत जाते, वरून धूर बाहेर येतो. शाळेतल्या पोरालाही समजेल असं यंत्र.

आणि सूनबाई काही शाळेतली पोर नव्हती. शहराबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती ऑपरेटर होती. बटाट्यांची खोली, सफरचंदांची खोली, लोण्याची खोली, प्रत्येकीचं तापमान निराळं आणि सगळ्या तिच्या मुठीत. तिथे बटण फिरवलं की कॉम्प्रेसर जरा गुरगुरतो आणि आकडा मुकाट्यानं खाली येतो. कुणी एखादं दार उघडं टाकलं तर चहा पितापिता, नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, आणि मग त्या माणसाची धडगत नसायची. अशी बाई चार ओंजळी कोळशांपुढे हात टेकायची वेळ आली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेवढी आग कोळशांत असती तर खांदा केव्हाच शिजला असता.

शिवाय दुपारी नणंद जेवायला येणार होती.

ताई ही नवऱ्याची मोठी बहीण, इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर. तिच्या चपलांचा आवाज आला की पेशंटसुद्धा पांघरुणं सरळ करून घेत, असं म्हणायचे. मनानं वाईट नव्हती. पण एकदा बोलली की तो शब्द भिंतीवर खिळा ठोकल्यासारखा. आणि दोन महिन्यांपूर्वी ती बोलली होती. "पुन्हा एकदा विस्तवाचा प्रकार झाला, तर बाबा त्या वृद्धांच्या संस्थेत जातील. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

बाबा म्हणजे सासरे. आयुष्यभर त्यांनी कोळशाच्या इस्त्रीवर लोकांचे कपडे कडक केले. कोपऱ्यावरचं दुकान, लांब टेबल, कामाला ठेवलेली दोन माणसं आणि दिवसभर तापलेल्या सुती कापडाचा वास. मग दुकान गेलं, आणि गेल्या काही वर्षांत त्यांची आठवणही जायला लागली. आधी चष्मा सापडेना, मग रस्ता सापडेना, मग माणसांची नावं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी माळ्यावरची जुनी इस्त्री काढली, गॅसवर कोळसे पेटवले आणि अंथरलेल्या गादीवरच चादरीला इस्त्री करायला घेतली. गादीला भोक पडलं, पडदा पेटला. शेजारच्यांनी पाणी मारलं तेव्हा बाबा शांतपणे उशीच्या अभ्र्याची घडी घालत होते.

त्या संध्याकाळी सूनबाईनं ताईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "यापुढे त्यांच्या हाताला विस्तव लागणार नाही. ही माझी जबाबदारी." इस्त्री भंगारात गेली. काड्यापेट्या गेल्या. गॅसला कुलूप लागलं. नवरा सकाळच्या पाळीत, ती दुपारच्या, अशी वाटणी करून घेतली, म्हणजे एक बाहेर तर एक घरात. बाबांना राहू द्यायचं यावर ती अडून बसली होती, ती काही आदर्श सून म्हणून मिरवायला नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्या हिवाळ्यात, ती कामाला निघाली की बाबा तिचा आतला सदरा इस्त्री करून गरम गरम हातात द्यायचे. "बर्फात चाललीस पोरी, जाईपर्यंत तरी ऊब राहू दे." तिच्या सख्ख्या बापानं तिला कधी थंडी वाजते का, असं विचारलं नव्हतं. या माणसाला परक्यांच्या स्वाधीन करायला ती तयार नव्हती.

आणि आता त्या संस्थेत एक जागा रिकामी झाली होती. ताईला उद्या त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. "मी येते, जेवते, घर बघते, बाबांना बघते. मग ठरवू," असं ती फोनवर म्हणाली होती. म्हणजे परीक्षाच.

गॅसला कुलूप, म्हणून घरात विजेची एकच शेगडी. तिच्यावर चार माणसांचं जेवण म्हणजे एक गरम होईपर्यंत दुसरं गार. त्यातून ताईची जुनी थट्टा होतीच, "वहिनीला गार करता येतं, गरम करता येत नाही." म्हणून हा ग्रिल. "अगं पण विस्तव?" असं नवऱ्यानं विचारलंही होतं. "विस्तव कसला त्यात? बंद डबा आहे," ती म्हणाली होती. "ज्वाळा दिसत नाही, लायटर माझ्या खिशात. तू फक्त बाबांकडे बघ."

तर आता एकशे साठ. तिनं उरलेली फटही बंद केली.

नेमका तेव्हाच कामावरून फोन आला. लोण्याच्या खोलीचा अलार्म वाजतोय, काय करू? "आधी दार नीट लागलंय का बघ," ती खेकसली, आणि दार लागलेलं नव्हतंच. खोली पुन्हा गार होईपर्यंत फोनवर थांबून बाहेर येते तो काटा ऐंशीवर. झाकणातून पांढरा, जाड, डोळे चुरचुरवणारा धूर. कोळसे गुदमरत होते, आणि असा धूर मांसाला लागला की ते चिमणीतून काढल्यासारखं कडू लागतं. तिनं घाईघाईनं खालची झडप अर्धी उघडली. काटा ढिम्म. अजून उघडली. ढिम्म. कोळशाला आत्ता सांगितलेलं अर्ध्या तासानं ऐकू जातं, हे तिला हळूहळू कळायला लागलं होतं, पण कळणं आणि हात आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी. कोल्ड स्टोरेजमध्ये काटा हलला की हात हलायचा, हीच तिची इतक्या वर्षांची नोकरी होती.

व्हरांड्यात बाबा खुर्चीवर बसले होते, मांडीवर उलटं वर्तमानपत्र. ते म्हणाले, "कोळसा एकदा मेला की उठत नाही हं."

"हो बाबा."

"राख बसली की मेला."

"हो बाबा. तुम्ही आत जाऊन जरा पडता का? धूर येतोय."

ते आज्ञाधारकपणे उठून आत गेले. तिला तेवढंच बरं वाटलं. काटा शंभरच्या पुढे सरकला, एकशे दहावर आला आणि तिथे थांबला. तिनं श्वास सोडला. झडपेला बोट न लावता ती काकड्या चिरायला आत गेली. फार तर अर्धी काकडी चिरून झाली असेल, तिला राहवेना, बाहेर येऊन बघते तर काटा एकशे सत्तर!

"अरे!" ती ओरडली. "अरे, तू झाकण उघडलंस का?"

नवरा बैठकीच्या खोलीतून आला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याला एक सवय लागली होती, कुणी आवाज चढवला की त्याचा उजवा पाय जमिनीवरचा न दिसणारा ब्रेक दाबायचा. आताही त्यानं दाबला.

"मी? मी टीव्ही बघतोय."

"मग हे साठ अंश आपोआप वाढले? झाकण उघडलं की हवा आत जाते, हवा गेली की कोळसे फुलतात. कालपासून बजावतेय मी, बघायची हौस असेल तर काट्याकडे बघ, मांसाकडे नाही!"

"अगं, शपथ घेऊन सांगतो, मी इकडे फिरकलोसुद्धा नाही. वारा असेल."

"पान हलतंय का एक तरी? वारा म्हणे!"

"मग तो काटाच बिघडला असेल."

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणणार होती, पण हा मुद्दा तिला पटला. झाकणावरचे असले थर्मामीटर म्हणजे निव्वळ शोभेचे. तिनं कामाच्या पिशवीतून आपला खरा थर्मामीटर काढला, लांब सुईचा, जो लोण्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता, आणि त्याची सुई वरच्या झडपेतून आत सोडली. एकशे बहात्तर. काटा बिचारा प्रामाणिक होता. तिला रडू यायचं बाकी राहिलं. यंत्र बिघडलं असतं तर ते कुणाला तरी दाखवता तरी आलं असतं.

झाकण उघडायचं नाही हा तिचाच नियम, पण आता तिनं ते उघडलं. खांद्याचं कोळशांकडचं टोक काळं पडलं होतं आणि सगळ्या मांसावर करड्या राखेचा बारीक थर बसला होता. पिठीसाखर भुरभुरावी तसा. कोळसे मात्र लालभडक, लखलखीत, राखेचा कण नाही.

राख कोळशावर असते. इथे ती मांसावर होती. बंद डब्यात राख उडते कशी?

ओल्या फडक्यानं ती राख पुसत बसली. नवरा मदतीला म्हणून शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "एवढं कशाला तापतेस? ताई काय खायला येतेय थोडीच. बाबांचं काय करायचं ते ठरवायलाच येतेय."

"म्हणूनच तापतेय! तिला इथे सगळं ताब्यात आहे असं दिसलं पाहिजे. घर ताब्यात, बाबा ताब्यात, मी ताब्यात. आणि इथे मला चार कोळसे आवरत नाहीत. करपलेलं मांस पुढ्यात ठेवून मी काय सांगू तिला, की मी म्हाताऱ्या माणसाला सांभाळेन?"

"मांसाचा आणि बाबांचा काय संबंध?"

"काही नाही. जा तू. बाबा काय करताहेत बघ."

तो जाऊन आला. "झोपलेत. पांघरूण घेऊन."

तिनं वाऱ्यासाठी एक फळी आडोशाला लावली, जरी वारा नव्हता. चिमट्यानं थोडे कोळसे बाहेर काढून पाण्यात विझवले. काटा उतरायला लागला. एकशे चाळीस, एकशे तीस. ती काट्याकडे पाहत होती आणि काटा तिच्याकडे. एकशे वीसवर आल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी ती कामावर संशयी दारांच्या बाबतीत करायची. खिशातला खडू काढून खालच्या झडपेचा दांडा जिथे होता तिथे डब्यावर एक बारीक रेघ ओढली. मग मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी कपडे बदलून येते!"

ती कपडे बदलून आली. दांडा रेघेपासून चांगला चार बोटं दूर होता. काटा पुन्हा चढत होता.

म्हणजे वारा नाही, कोळसा नाही, काटा नाही. हात होता. चक्क माणसाचा हात. तिला एका परीनं हायसं वाटलं आणि लगेच असा संताप आला की ती तशीच न्हाणीघराच्या दारावर जाऊन थापा मारू लागली. "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता! तुला काय गंमत वाटतेय का?"

दार उघडलं. नवऱ्याचा निम्मा चेहरा दाढीच्या फेसानं पांढरा होता. "काय झालं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. हा माणूस बराच वेळ आरशासमोरच उभा होता.

"बाबा कुठायत?" तिनं विचारलं.

"झोपलेत ना."

"तोंड बघितलंस का त्यांचं? की नुसतं पांघरूण?"

त्याचा पाय फरशीवर दाबला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा तिनं सकाळपासून घातला होता. बाबांच्या खोलीत पांघरुणाखाली दोन उशा होत्या. बोळात उघडणारं बाजूचं दार, जे कुणी कधी वापरत नसे, नुसतं लोटलेलं होतं. ती व्हरांड्याच्या दाराकडे धावली.

बाबा ग्रिलपाशी उभे होते. झाकण त्यांनी गवतावर अगदी नीट, उलटं करून ठेवलं होतं. हातात बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा. मनगटाच्या छोट्या, सराईत झटक्यांनी ते कोळशांवर वारा घालत होते, राख उडत होती, मांसावर बसत होती, आणि खालून एकेक निखारा लाल होत चालला होता. त्यांचा चेहरा सूनबाईनं कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. कामात असलेल्या माणसाचा चेहरा. डाव्या हाताची बाही सुटून लोंबत होती, निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर.

"बाबा!"

तिनं असं ओरडायला नको होतं. ते दचकले आणि तोल सावरायला त्यांनी डाव्या हातानं डब्याची तापलेली कड धरली. ती बाहेर पोचेपर्यंत त्यांनी हात काढून घेतला होता. बाहीच्या टोकाला लहानशी ठिणगी धुमसत होती. ती तिनं तळहातानं चिरडली आणि त्यांना ओढत नळाखाली नेलं. बोटांवर लाल पट्टा उठला होता, फोड येणार हे दिसतच होतं.

"काय करत होतात तुम्ही? काय करत होतात?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला इथे ठेवायचं म्हणून मी जिवाचं रान करतेय, सगळ्यांशी भांडतेय, आणि तुम्ही पांघरुणात उशा घालून चोरासारखे विस्तवाकडे येता? ताईंनी बघितलं तर घेऊन जातील तुम्हाला! कळतंय का? तुम्हाला घेऊन जातील!"

बाबांनी तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"मला कशाला नेतील? मी काय केलंय?" ते हळूच म्हणाले, आणि दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज अजून खाली आणला. "पोरी, तुझे कोळसे सारखे मरत होते. मी बघत होतो तिथून. तू लावून टाकतेस, ते गुदमरतात. निखाऱ्यावर राख बसू द्यायची नाही, हे तुला कुणी शिकवलंच नाही, त्यात तुझी काय चूक? पण ती ओरडणारी बाई येणार आहे ना आज? कोळसा राखता येत नाही म्हणून तुलाच घालवून देईल ती. माझ्या दुकानात मी दोघांना घालवलंय त्यापायी. म्हणून तू आत गेलीस की मी येऊन जरा नीट करून ठेवायचो. तुला कळू नये म्हणून. चारचौघांत तुला खाली बघायला लागू नये."

नळ वाहत होता. सूनबाईनं त्यांचा हात पाण्याखाली धरून ठेवला. सकाळपासून ती कोळसे शमवत होती आणि तो म्हातारा ते जगवत होता, आणि दोघांच्याही मनात एकच होतं. घरात एकटी असली की तिचं बाबांवर लक्ष असायचं, एकटा असला की नवऱ्याचं असायचं. आज दोघंही घरात होती आणि कुणाचंच नव्हतं.

दाराची घंटा वाजली.

"बाबा, हात खिशात ठेवा," ती म्हणाली. म्हणाली खरी, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"ठेवतो की," बाबा म्हणाले. "मी कुणाला काही सांगत नाही."

ताई आली. चपला काढल्या, घरभर एक नजर फिरवली, गॅसचं कुलूप ओढून पाहिलं, नव्या पडद्याला हात लावला, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "चांगलं ठेवलंयस गं वहिनी," ती म्हणाली. सूनबाईनं हे वाक्य ऐकण्यासाठी दोन महिने घालवले होते. आता ते ऐकताना तिला धड मानही वर करता येईना.

जेवायला बसले. खांदा मध्ये ठेवला होता, बाहेरून काळाठिक्कर. नवऱ्यानं सुरी घातली, वरचा थर पापडासारखा मोडला आणि आत हाडापाशी मांस गुलाबी, कच्चं. सकाळपासूनची मेहनत, आणि ना धड करपलं ना धड शिजलं. ताईनं एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"काय गं, धग लागली का फार?" ताईनं विचारलं. अगदी सहज, हसतच.

"तिनंच केलंय," बाबा एकदम म्हणाले. "सगळं एकटीनं. मी खोलीतून हाललोसुद्धा नाही."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ताईनं काटाचमचा खाली ठेवला. वॉर्डात आयुष्य घालवलेली बाई ती, औषध गिळलं असं सांगून ते गादीखाली लपवणारे पेशंट तिनं शेकड्यांनी पाहिलेले.

"बाबा, तुम्ही एकाच हातानं का जेवताय?"

"सवय आहे, सिस्टर."

ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ती उठली, त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि खिशातला हात तिनं हळूच बाहेर काढला. बोटांवर फोड आले होते. बाहीचं टोक जळलेलं होतं. आपल्या पर्समधून मलम आणि पट्टी काढून तिनं एकेक बोट गुंडाळलं, इतक्या हलक्या हातानं की बाबा "वा, छान" म्हणाले. ते आपल्या सख्ख्या मुलीकडे बघत होते आणि ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण सुनेसाठी तिच्याशी खोटं बोलायचं, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

ताई उठून उभी राहिली. "वहिनी, मी ओरडत नाही. एकच विचारते. आज किती वेळा गेले ते त्या विस्तवाकडे?"

सूनबाईनं तोंड उघडलं. सकाळपासूनचा काट्याचा प्रत्येक आकडा तिला तोंडपाठ होता. केव्हा चढला, कितीवर थांबला, केव्हा पडला, सगळं. कोळसे तिनं डोळ्यांत तेल घालून राखले होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तो ताटाकडे पाहत होता.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "मला ते दिसलेच नाहीत."

ताईनं उरलेली पट्टी पर्समध्ये टाकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सूनबाई भांडली असती, दोन महिने भांडतच होती, तिला ते येत होतं. पण ताई फक्त म्हणाली, "मग मी उद्या त्यांना हो म्हणून कळवते."

नवऱ्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. नेहमी इथेच ती उसळायची.

"कळवा," सूनबाई म्हणाली.

ताई तोंडावर पाणी मारायला आत गेली, तिच्या मागोमाग नवराही गेला. न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू राहिला. टेबलाशी बाबा आणि सूनबाई दोघंच उरली. पट्टी बांधलेल्या हातानं त्यांना ताट धरता येत नव्हतं, म्हणून ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. ते तिच्या कानाशी वाकले.

"ओरडली का गं तुला?"

"नाही बाबा."

"बघ. मी अवाक्षर काढलं नाही." ते समाधानानं मागे रेलले. "आता तुला या घरातून कुणी घालवत नाही."

सूनबाईनं मान हलवली, आणि त्या खांद्यात त्यांच्यासाठी एखादा नीट शिजलेला तुकडा सापडतो का, ते शोधू लागली.